सिनेगॉगमध्ये मोठ्यांसाठी आणि कुटुंबांसाठी धर्मशिक्षणाचा वर्ग कसा चालवावा?

आपण विचारले आहे की, रायगड जिल्ह्यातील आपल्या बेने इस्रायली (कोकणातील यहुदी) लोकांच्या सिनेगॉगमध्ये, म्हणजे प्रार्थनामंदिरात, आजीआजोबा, आईवडील आणि मुले यांनी एकत्र बसून शिकावे असा वर्ग काढायचा आहे, तर तो कोणत्या दिवशी ठेवावा आणि त्यात काय शिकवावे. रविवारी सकाळी ठेवा. कामाधंद्यासाठी मुंबई-ठाण्याला राहणारी माणसे त्याच वेळी गावात सापडतात. काय शिकवावे याबद्दल मात्र मला सविस्तर लिहावे लागेल, कारण अशाच एका वर्गामुळे माझ्या आईने सिनेगॉगमध्ये शिकायला जाणे सोडले होते.

आई तेव्हा अडुसष्ट वर्षांची होती. शेमा ही रोजची हिब्रू प्रार्थना तिला तोंडपाठ होती, पण हिब्रूचे एक अक्षरही वाचता येत नव्हते. बाहेरून आलेल्या शिक्षकांनी तिशा बेआवबद्दल, म्हणजे जेरुसलेमचे मंदिर पडल्याच्या दुःखाच्या उपासाबद्दल, विचारले तेव्हा ती नातवंडांदेखत उत्साहाने म्हणाली, "तो आपला बिरड्याचा सण." असा कोणताही सण यहुदी धर्मात नाही, असे त्यांनी तिला सुनावले आणि फळ्यावरचे हिब्रू नाव तिच्याकडून तीन वेळा म्हणवून घेतले. पुढच्या रविवारी ती चपला घालून ओटीवर बसली, पण निघाली नाही.

शिक्षकांचे बरोबरच होते, घरात मराठी बोलावी पण धर्म हिब्रूतूनच शिकावा, असे माझा थोरला भाऊ आजही म्हणतो. मला ते साफ अमान्य आहे. त्या दिवशीचा उपास आपल्याकडे वालाच्या बिरड्याने सोडतात म्हणून ते नाव पडले. तसेच रोश हाशाना या यहुदी नववर्षाला नव्याचा सण आणि होळीच्या सुमारास येणाऱ्या पुरीम या सणाला होळीचा सण म्हणत. ग्रंथ हाताशी नसताना दिवस चुकू नयेत म्हणून बायकांनी चुलीपाशी ठेवलेली ही नोंदवही आहे, असे मी मानतो. १८७४ साली पुण्यात हाग्गादा (वल्हांडणाच्या रात्री घरी वाचायची पोथी) मराठी भाषांतरासह छापली गेली आणि १८८० च्या सुमारास आपल्या लोकांनी बायबलमधील कथांवर मराठी कीर्तने रचून गायली. मोठ्यांना त्यांच्या भाषेत शिकवण्याची रीत आपल्याच पूर्वजांनी घालून दिली आहे.

पुढच्या वर्षी उपास सुरू होण्याच्या दिवशी दुपारी मी घरच्या ओटीवरच वर्ग भरवला. आईने मोड आलेले वाल परातीत घेतले होते. चिमटीत दाबला की दाणा सालातून सटकन बाहेर येई, आणि ते काम मुलांना फार आवडले. सोलता सोलता मी विलापगीत या बायबलमधील त्या उपासाला वाचायच्या ग्रंथाचा पहिला अध्याय मराठीतून वाचला. त्यातील बावीस ओव्या हिब्रू अक्षरांच्या क्रमाने सुरू होतात, म्हणून प्रत्येक ओवीला माझा पुतण्या तिचे पहिले अक्षर पाटीवर काढून आजीपुढे धरत होता. त्या दुपारी आई आलेफपासून लामेदपर्यंत बारा अक्षरे ओळखायला शिकली.

तेव्हा येणारा सण घ्या, त्याचा पदार्थ घ्या, त्या दिवशीचे वाचन मराठीतून करा आणि अक्षरे त्यातूनच शिकवा. मी धर्मशास्त्राचा जाणकार नाही. बार मित्झवाच्या, म्हणजे तेराव्या वर्षीच्या धर्मविधीच्या, मुलाला तोरा हा धर्मग्रंथ हिब्रूतून अचूक वाचता यावा लागतो आणि त्यासाठी शिकलेला माणूसच हवा, एवढे भावाचे म्हणणे मी मान्य करतो. पण तो वर्ग वेगळ्या वेळी ठेवा आणि तेथे कोणाच्या आजीला फळ्यासमोर उभे करू नका.