भडक फुलांचे अभ्रे दहा वर्षांनीही आवडतील का?

प्रश्न : अमेरिकेतल्या नणंदेने तिथल्या एका स्वस्त दुकानातून नामवंत डिझायनरचे मोठ्या फुलांचे अभ्रे आणि ट्रे आणलेत. ‘हे कधी जुनं होत नाही’, असं ती म्हणते. आमच्या वन रूम किचनमध्ये शोभेल? – एक वाचक, परळ

उत्तर : ताई, नणंदबाईंचं अर्धं खरं आहे. मारिमेक्को या फिनलंडच्या कापड कंपनीसाठी माइया इसोला यांनी १९६४ साली काढलेली ‘उनिक्को’ नावाची मोठ्या फुलांची नक्षी आजही विकली जाते. म्हणजे भडक नक्षी टिकते. पण वस्तूचं काय? मी हौसेने घेतलेल्या केशरी अभ्र्यांच्या चेनी दादरच्या दोन पावसाळ्यांत गंजल्या, कापडावर तपकिरी रेघ उमटली. ट्रेच्या कडेचा पापुद्रा सुटला आणि आतला दाबलेला भुसा पाणी पिऊन पुरीसारखा फुगला. फार जिवाला लागलं, कारण फुलं तशीच टवटवीत होती! शेवटी त्या कापडाची पिशवी शिवली. भाजीला आजही तीच नेते.

तेव्हा अभ्रा उलटा करून शिवण बघा. ओला पांढरा रुमाल घासून रंग सुटतो का पाहा. ट्रेची कड नखाने चाचपा. छोट्या खोलीत ठळक नक्षी एकाच जागी छान दिसते, म्हणून अभ्रे दिवाणावर घाला, चादर मात्र साधी ठेवा. ट्रे सध्या पाण्यापासून लांब, फळीवर उभा करा.