जुलैमध्ये मुंबईहून मनाली–लेह मोटारसायकलने करायचे आहे. हवामान बेभरवशाचे असते म्हणतात, तर कपडे कोणते घ्यावेत आणि कोणती मोटारसायकल न्यावी?

कपडे आणि मोटारसायकल यांच्याकडे शेवटी येतो. या रस्त्यावर मुंबईकर बहुधा अडकतो तो सकाळी उशिरा निघाल्यामुळे, आणि ही गोष्ट मी कित्येक वर्षे माझ्या मावसभावाला पटवून देत आहे. त्याला अजून ती पटलेली नाही.

पावसाची भीती मंडी ते मनाली या पट्ट्यात बाळगावी. तिथे जुलै-ऑगस्टमध्ये दरडी कोसळतात, आणि जुलै २०२३ मध्ये तर बियासच्या पुराने कुलू-मनाली भागातला महामार्ग ठिकठिकाणी वाहून नेला होता. अटल बोगद्यातून लाहौलमध्ये उतरलात की पाऊस बराच ओसरतो. पण लाहौलमधले दारचा हे गाव सोडून बारालाचा ला या सुमारे ४,८९० मीटर उंचीच्या खिंडीकडे चढू लागलात की वितळलेल्या बर्फाचे नाले थेट रस्त्यावरून वाहताना दिसतात. रात्रीच्या थंडीत वितळणे मंदावते, म्हणून पहाटे पाणी सर्वांत कमी असते. ऊन तापले की ते वाढत जाते आणि दुपारनंतर भरात येते. म्हणजे आभाळ स्वच्छ असेल तर नाला फुगणारच. मुसळधार पावसाच्या दिवशी आपण भरतीची वेळ पाहून घराबाहेर पडतो, तसेच इथे घड्याळ पाहून निघावे लागते.

एका वर्षी आमचा मुक्काम दारचाच्या अलीकडच्या जिस्पा गावात होता. मी रात्रीच सांगितले होते की पहाटे पाचला निघू. सकाळी दादा, म्हणजे तोच मावसभाऊ, पांघरुणातूनच म्हणाला, "अरे, एवढ्या गारठ्यात कुठे निघतोस? जरा ऊन पडू दे, रस्ता सुकेल, गरम परोठे खाऊन निघू." बाकीचे सगळे त्याच्याबरोबर थांबले, मी आणि भांडुपचा एक मित्र असे दोघेच निघालो. खिंडीच्या चढावर झिंगझिंगबार नावाच्या थांब्याच्या आसपासचा मोठा नाला आम्हाला उजाडल्यावर लगेच लागला. पाणी घोट्याच्या वर नव्हते आणि तळाचे गोटे एक एक मोजता येतील इतके स्वच्छ होते. मित्र आधी बूट घालूनच चालत पलीकडे गेला, ट्रकच्या चाकांनी दाबलेला पट्टा कुठे आहे ते त्याने हाताने दाखवले, आणि मी पहिल्या गियरमध्ये, थ्रॉटल न सोडता, पुढच्या ब्रेकला बोट न लावता गाडी काढली. खिंड ओलांडून पलीकडच्या भरतपूर नावाच्या थांब्यावर तंबूत चहा घेतला आणि तिथेच बाकीच्यांची वाट पाहत बसलो.

ते संध्याकाळी आले. त्याच नाल्यात पाणी फूटरेस्टच्या वर चढले होते, गोटे दिसत नव्हते, आणि मध्यावर दादाने घाबरून थ्रॉटल सोडल्याबरोबर इंजिन बंद पडून सायलेन्सरमधून पाणी आत गेले. एका ट्रकचालकाने दोर बांधून गाडी ओढून काढली. त्या माणसाने पैसे घेतले नाहीत, हे इथे मुद्दाम लिहितो. मुलुंडला आजही कोणाच्या लग्नात विषय निघाला की दादा सांगतो, त्या दिवशी हवामान अचानक बिघडले. हवामान बिघडले नव्हते. दिवसभर आभाळात एक ढग नव्हता, आणि पाणी वाढले ते त्यामुळेच.

आता तुमचा प्रश्न. आत लोकर, बाहेर पाणी न शिरणारा रेनसूट, हातमोज्यांचे दोन जोड आणि वरून भांडी घासायचे रबरी हातमोजे, कारण बोटे बधिर झाली की क्लच सुटतो. मोटारसायकल तुमच्या हातातली असेल तीच न्या. कार्बोरेटरची गाडी उंचीवर दम टाकते, पण चढते. वांद्रे टर्मिनसहून रेल्वे पार्सलने पाठवणार असाल तर टाकी रिकामी करावी लागते, म्हणून उतरल्यावर पेट्रोलची सोय आधी पाहून ठेवा.

पहाटे निघण्याने सगळेच टळते असे मात्र समजू नका. ढगफुटी आणि दरड वेळ पाहून येत नाहीत. रात्री पाऊस पडला असेल तर पहाटेचा नालाही मोठा असू शकतो, आणि तेव्हा मागे फिरून दारचाच्या चौकीवर चौकशी करावी. पहिल्या रात्री खिंडीपलीकडच्या सरचूला झोपू नये, ते जवळपास ४,३०० मीटरवर आहे आणि डोके दुखून रात्र जागून काढावी लागते. जिस्पा त्याहून सुमारे हजार मीटर खाली आहे. निघण्याची वेळ मात्र चमूतल्या सर्वांकडून मुंबईतच कबूल करून घ्या, आणि ज्याला नाश्ता केल्याशिवाय निघता येत नाही त्याला परोठे आदल्या रात्रीच बांधून घ्यायला सांगा.