जॉर्डनमध्ये अम्मानहून पेट्राला जाताना करकचा किल्ला: थांबावं का?

वाटेत करकला थांबावं का, आणि तासाभरात उरकेल का, असं तुम्ही विचारलंय. थांबाच. पण तासाभरातच उरकायचं असेल तर सरळ पुढे गेलेलं बरं. या किल्ल्याचा निम्मा जीव जमिनीखाली आहे आणि तिथे वेळ जातोच.

आत शिरल्यावर आधी दगड बघा. काळपट, ओबडधोबड तो क्रुसेडवाल्यांचा, म्हणजे युरोपातून धर्मयुद्धाला आलेल्या ख्रिस्ती लढवय्यांचा. फिकट, नीट तासलेला चुनखडीचा दगड बहुतेक नंतरच्या मामलुकांचा, म्हणजे इजिप्तच्या मुस्लिम सुलतानांचा. एवढं नजरेत बसलं की कुठला बुरूज कोणाचा हे तुमचं तुम्हालाच कळायला लागतं.

1142 च्या सुमारास पेगन नावाच्या सरदाराने हे काम सुरू केलं. सीरियाहून इजिप्त-अरबस्तानकडे जाणारे तांडे इथून टप्प्यात येत. पुढे लग्नातून ही जहागीर रेनॉ द शातियोंकडे आली. हा गडी तह धाब्यावर बसवून तांडे लुटायचा. शेवटी 1183 मध्ये इजिप्त-सीरियाचा सुलतान सलाहुद्दीन याने वेढा घातला, तर आत लग्नघर! नवरी अकरा वर्षांची. नवरदेवाच्या आईने लग्नाचं जेवण शत्रूच्या छावणीत पाठवलं आणि नवदांपत्याच्या बुरुजावर धोंडे टाकू नका असा हुकूम सलाहुद्दीनने दिला, असं एका जुन्या बखरीत आहे. खरंखोटं देव जाणे. बाकीच्या तटावर मात्र मारा चालूच राहिला. जेरुसलेमचा कुष्ठरोगी राजा चौथा बाल्डविन पालखीतून फौज घेऊन आला, तेव्हा कुठे वेढा उठला.

1187 मध्ये हत्तीनच्या लढाईत क्रुसेडवाले हरले, त्यानंतर सलाहुद्दीनने रेनॉला स्वतःच्या हाताने मारलं. करक तरीही वर्षभर झुंजत राहिला आणि 1188 मध्ये पडला तो उपासमारीने. म्हणून खालची कोठारं आणि भटारखाना चुकवू नका. लांबच लांब कमानदार दालनं आहेत, उजेड वरच्या झरोक्यांतून येईल तेवढाच. मी मोबाइलच्या उजेडावर विसंबून गेलो आणि एका बुटक्या दारात कपाळ शेकून घेतलं. साधी टॉर्च न्या.

पश्चिमेच्या तटावरून हवा स्वच्छ असेल तर मृत समुद्र दिसतो. बऱ्याच ठिकाणी कठडे नाहीत, मुलं असतील तर हात सोडू नका. तिकीट जॉर्डन पासमध्ये (पर्यटकांसाठीचा एकत्रित पास) धरलेलं आहे. आणि ड्रायव्हरला निघतानाच 'किंग्ज हायवे', म्हणजे करकवरून जाणारा रस्ता, असं बजावून सांगा. नाहीतर तो वेळ वाचवायला डेझर्ट हायवे धरेल आणि करक बाजूलाच राहील.