ओळखपत्राच्या पट्टीचा रंग आधी विचारा

तुम्ही लिहिलंय की दहा वर्षं इंटिग्रेटरकडे, म्हणजे यंत्रणा बसवून देणाऱ्या कंपनीत, मीटिंग रूम उभारण्यात गेली, आता परदेशातल्या एका मोठ्या बँकेत एव्ही आणि कोलॅबोरेशन, म्हणजे मीटिंग रूममधली ऑडिओ-व्हिडिओ यंत्रणा आणि ऑनलाइन बैठका, सांभाळायची नोकरी चालून आली आहे, बायको आणि आठ वर्षांचा मुलगा सोबत येतील. जावं का, आधी सीटीएस हे एव्हीवाल्यांचं प्रमाणपत्र करावं का, आणि तिथे एकटेपणा येतो का? काल रात्री हे वाचलं आणि झोप उडाली. आम्ही आलो तेव्हा माझा मुलगाही आठच वर्षांचा होता.

व्हिसाचे फॉर्म, फी, कागदांची यादी सरकारी संकेतस्थळावर आहे, ती मी पुन्हा उगाळत नाही. सीटीएस करा. एचआरला आपल्या धंद्यातलं दुसरं काही वाचता येत नाही, म्हणून करा. ते टिकवायला दर तीन वर्षांनी ३० रिन्यूअल युनिट, म्हणजे पुढच्या शिक्षणाचे गुण, जमवावे लागतात, तेवढं लक्षात ठेवा. नेटवर्कवरून आवाज नेणाऱ्या डान्टे तंत्राचे ऑनलाइन कोर्स फुकट आहेत, ते आजच सुरू करा.

तुम्ही न विचारलेला प्रश्न याहून मोठा आहे. ऑफर लेटर कोणाचं आहे? बँकेचं, की बँकेला माणसं पुरवणाऱ्या कंपनीचं? मोठ्या बँकांत एव्हीचं काम बरेचदा बाहेरच्या कंपनीकडे असतं. बसायचं बँकेत, शिव्या खायच्या बँकेच्या डायरेक्टरांच्या, पण गळ्यातल्या ओळखपत्राच्या पट्टीचा रंग वेगळा. कंत्राट दुसऱ्याकडे गेलं की तुमच्या खुर्चीचं काय होईल ते कोणी सांगत नाही, आणि व्हिसा त्या मालकाशी बांधलेला. मी वेगळ्या रंगाच्या पट्टीत आलो. पहिली तीन वर्षं घरात कपाट घेतलं नाही, बॅगांतूनच कपडे काढले.

बाहेरच्या कंपनीचा असलो तरी पडताळणी मात्र बँकेच्या नियमाने झाली. पाच वर्षांतल्या प्रत्येक पत्त्याचा पुरावा, दोन नोकऱ्यांमधल्या तीन महिन्यांचा हिशेब. माझी पहिली कंपनी केव्हाच बंद पडलेली, आणि यांना तिच्या लेटरहेडवर पत्र हवं होतं. बंद कंपनीचं लेटरहेड कुठून आणू, असं मी तीन वेळा लिहून विचारलं आणि तिन्ही वेळा तेच छापील उत्तर आलं. शेवटी पगार जमा झाल्याच्या जुन्या बँक नोंदी चालल्या. मग व्हिसाच्या अर्जातल्या व्यवसायाच्या यादीत आमचं काम सापडेना. एजंटाने ‘प्रसारण’ लिहिलं आणि मुलाखतीत मला विचारलं गेलं, कोणत्या वाहिनीसाठी काम करता? आज हसू येतं. तेव्हा घाम फुटला होता.

कामाचं म्हणाल तर रूम उभारणं सोपं, चालवणं कठीण. उभारणारा हँडओव्हर देऊन निघून जातो. बँकेत नेटवर्क तुमचं नसतं. नवा कोडेक, म्हणजे व्हिडिओ कॉल चालवणारा डबा, लावला तर डिजिटल सर्टिफिकेटशिवाय स्विचचा पोर्ट त्याला दारात उभं करत नाही. ते सर्टिफिकेट कधी संपतं हे कोणाच्याच कॅलेंडरवर नसतं, आणि एका सोमवारी सकाळी सगळ्या मजल्यावरची टच पॅनेल मुकी होतात. टीम्स या मीटिंग सेवेत खोल्यांच्या नावाने असलेल्या खात्यांनाही पासवर्ड ठरावीक दिवसांनी बदला आणि मोबाइलवर मंजुरी घ्या, असा फतवा निघाला. खोलीकडे मोबाइल नसतो, हे मला तीन बैठकांत समजावून सांगावं लागलं. तिमाही निकालांच्या तोंडावर चेंज फ्रीझ लागतो, म्हणजे यंत्रणेत कोणताही बदल बंद. बिघाड माहीत, दुरुस्तीचं फर्मवेअर तयार, पण हात लावायचा नाही.

आणि सगळ्यावर कम्प्लायन्स, म्हणजे नियमपालन. युरोपात मिफिड-२ हे वित्तीय बाजाराचे नियम जानेवारी २०१८ पासून लागू आहेत. सौद्यांशी संबंधित फोन आणि मेसेज नोंदवून किमान पाच वर्षं जपावे लागतात. सप्टेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या एसईसी या शेअर बाजार नियामकाने वॉल स्ट्रीटवरच्या १६ कंपन्यांना मिळून १.१ अब्ज डॉलरहून जास्त दंड केला. कर्मचारी कामाची बोलणी खासगी मोबाइलवरच्या मेसेजमधून करत होते आणि त्यांच्या नोंदी राखल्या नव्हत्या. व्हाइटबोर्ड, ट्रान्सक्रिप्ट, साधी चॅट, जे जपून ठेवता येत नाही ते बंद. कोणत्या बाहेरच्या मीटिंग सेवा उघडू द्यायच्या त्याची आमच्याकडे यादी होती. ती यादी करणाऱ्यांत मीही होतो.

मुलाच्या शाळेची बैठक दुपारी दोनला, ऑनलाइन. अडीचला संचालक मंडळाची मीटिंग, त्यामुळे मजला सोडता येत नव्हता. म्हटलं, चारशे रूम माझ्या ताब्यात आहेत, एकीतून जोडून घेऊ. लिंक उघडली तर शाळेची सेवा यादीत नाही. स्वतःचा फोन त्या मजल्यावर आणायला बंदी. लिफ्टने खाली, लॉकरमधून फोन, रस्त्यावर उभं राहून जोडला तेव्हा दोन वाजून चौदा मिनिटं झाली होती. बायको एकटीच होती, इथली भाषा तिला तेव्हा अर्धीच कळायची. मुलाला एक इयत्ता खाली बसवायचं, भाषा सुधारेपर्यंत बरं, असं त्यांनी सांगितलं आणि ठीक आहे ना असं विचारलं. तिला वाटलं, आवाज नीट येतोय का विचारतायत. ती हो म्हणाली.

मी नंतर पत्रं लिहिली, भेटलो. निर्णय झालाय, म्हणाले. भाषा चार महिन्यांत सुधारली, इयत्ता तीच राहिली. गणितात तो मागच्या वर्षी शिकलेलंच पुन्हा शिकत बसला. आता पंधरा वर्षांचा आहे, वर्गात सगळ्यांपेक्षा उंच. तो कधी काही म्हणत नाही. त्या रात्री मी बायकोला बोललो, नको ते बोललो. यादीचं तिला मी बऱ्याच महिन्यांनी सांगितलं.

एकटेपणाचं विचारलंत. असतो, कामाच्या रगाड्यात बुजतो.

मुलाला कोणत्या इयत्तेत घेणार ते प्रवेशाआधीच शाळेकडून लेखी घ्या, आणि बैठकीला रजा टाकून स्वतः जा, त्या दिवशी मंडळाची मीटिंग असली तरी. एचडीएमआयची एखादी वायर बदलायला तुमच्या हाताखालचा पोरगा पुरेसा आहे. हे मला तेव्हाही माहीत होतं. पण वेगळ्या रंगाची पट्टी गळ्यात असताना अडीचच्या मीटिंगला जागेवर नसण्याची माझी छाती झाली नाही.

म्हणून म्हणतो, पट्टीचा रंग कळला की लिहा. पगाराचं मग बोलू.