पल्ला लहानग्यांना झेपेल एवढाच

पुणे

प्रिय मित्रा,

चार कुटुंबांना घेऊन भाटघर धरणाच्या पाण्यात कॅनो, म्हणजे वल्ह्यांच्या अरुंद होड्या, घालायच्या आणि काठावर मुक्काम करायचा, हा तुझा बेत वाचून फार आनंद झाला. पण दिवसाला 14 किलोमीटर हा पल्ला मला पसंत नाही. मोठी माणसं तेवढं सहज वल्हवतील. तुझ्याबरोबर मात्र पाच-सहा वर्षांची पोरं आहेत. तासाभरात त्यांची चुळबुळ सुरू होते, मग शू लागते, भूक लागते, ऊन सोसत नाही. त्यांना झेपेल एवढंच अंतर धर. सकाळी चार किलोमीटर पुरे. आणि दोन्ही रात्री तंबू एकाच जागी ठेव, म्हणजे आवराआवरीत सकाळ जाणार नाही.

सकाळ हातची घालवून चालणार नाही. उन्हाळ्यात आपल्याकडची धरणं शांत असतात ती सकाळीच. ऊन तापलं की पश्चिमेचा वारा सुटतो आणि रुंद फुगवट्यावर लाटा उठतात. म्हणून उजाडताच निघा, शक्यतो आधी पश्चिमेकडे. परतायला उशीर झालाच तर वारा पाठीशी असेल. काठ मात्र सोडायचा नाही. भर पाण्यातून जवळचा रस्ता दिसला तरी मोह नको.

मेअखेरीस वळवाचा नेम नसतो, तेव्हा परीक्षा संपल्या की एप्रिलमध्येच उरकून घ्या. तरीही गडगडाट कानावर आला की लगेच बाहेर यायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटं पाण्यात पाय घालायचा नाही. विजेपासून तंबू वाचवत नाही, झाडही नाही. गाडी किंवा पक्कं घर जवळ असेल अशीच मुक्कामाची जागा निवड.

लाइफ जॅकेटबद्दल मी हट्टी आहे. प्रत्येक मुलाला त्याच्या वजनाला साजेसं जॅकेट हवं. पट्टे आवळ, दोन्ही खांद्यांपाशी धरून वर उचलून बघ. जॅकेट कानांपर्यंत सरकलं तर ते त्या मुलाचं नव्हे. लहानांच्या जॅकेटला मांड्यांमधून जाणारा पट्टा असायलाच हवा. मूल मधे, तळाशी बसव, पण बोटीला कधीही बांधू नकोस. उलटलीच तर बोट सोडून पोहत सुटायचं नाही, तिला धरून राहायचं. हे मुलांकडून आधी काठाजवळ, कमरेएवढ्या पाण्यात करून घे. त्यांना खेळ वाटेल, वाटू दे.

आठवडाभर आधी स्वतः जाऊन ये. पाणी खाली गेलं की काठ उघडा पडतो, आणि वरून वाळलेला दिसणारा गाळ पाय ठेवताच गुडघ्यापर्यंत ओढून घेतो. मुलांना उतरवायला खडकाळ किंवा मुरमाड जागा शोध. जाळी कुठे लावलेली असतात आणि बुडालेली खोडं कुठे आहेत, हे तिथले मच्छीमार नकाशापेक्षा चांगलं सांगतील. गावात विचारून तंबू टाका, जलसंपदा विभागाची परवानगी आधीच काढ. भांडी, साबण धरणात नको, आणि शौचाचा खड्डा पाण्यापासून निदान 60 मीटर लांब.

जेवणाचं फार मनावर घेऊ नकोस. पिठलं-भात आणि घरून नेलेल्या दशम्या भागवतात. पिण्याचं पाणी मात्र माणशी रोज चार लिटर धर.

आता मार्ग नव्याने आखून मला पाठव. दर अर्ध्या किलोमीटरला काठाला लागता येईल अशी जागा त्यावर दाखव. ती जिथे सापडत नसेल, तो टप्पा आपण गाळूनच टाकू.

तुझा,
काका