विमानवाहू नौकेवर उतरताना विमानात बिघाड झाला तर काय करतात? हूक खाली आला नाही तर जाळी लावतात हे खरं का? आणि हूकच नसलेलं विमान उतरू शकतं का?

तिन्ही प्रश्नांची उत्तरं एकमेकांत अडकलेली आहेत, म्हणून एकत्रच देतो. मी नौदलात फ्लाइट डेकवर विमानं हाताळण्याच्या कामात होतो, निवृत्तीनंतर साताऱ्यात असतो. आपल्या भागात फौजेतली माणसं गावोगाव भेटतात, अपशिंग्यात तर घरटी एक. पण नौदलाच्या हवाई शाखेबद्दल इकडे फारसं बोललं जात नाही. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

तुम्ही सांगलीचे, आणि कवलापूरची जुनी धावपट्टी पाहिली आहे असं प्रश्नाखाली लिहिलंय. मापासाठी कराडची धावपट्टी धरू. ती तेराशे मीटरच्या आतबाहेर आहे. ‘विक्रमादित्य’ ही अख्खी नौका २८४ मीटर लांब आहे, नवी ‘विक्रांत’ २६२ मीटर. त्यातही उतरायला मिळतो तो मागच्या बाजूचा तिरका पट्टा. त्यावर आडव्या तीन पोलादी वायर ताणलेल्या असतात. या नौकांवरचं लढाऊ विमान मिग-२९के ताशी साधारण २४० किलोमीटर वेगाने येतं, शेपटीखालचा हूक एका वायरमध्ये अडकतो आणि अडीचेक सेकंदांत, ९० मीटरच्या आसपास विमान थांबतं. चाकं डेकला लागली की वैमानिक इंजिन बंद करत नाही, उलट पूर्ण ताकद देतो. हूकने वायर पकडली नाही तर तिरक्या पट्ट्याच्या टोकावरून परत हवेत जाता आलं पाहिजे, म्हणून. या चुकलेल्या उतरण्याला बोल्टर म्हणतात. तो रोजच्या कामाचा भाग आहे, त्यात आणीबाणी काही नाही.

आता बिघाड. रेडिओवर बिघाड कळला की जहाजावर पहिला प्रश्न ‘कसं उतरवायचं’ हा नसतो. ‘इथेच उतरवायचं, की किनाऱ्यावर पाठवायचं’ हा असतो. किनारा आवाक्यात असेल तर विमान तिकडे पाठवणंच शहाणपणाचं. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर त्यासाठी गोव्याचा आयएनएस हंसा हा तळ आहे. लांब धावपट्टी, अग्निशमन, रुग्णालय, सगळं जमिनीवर. शिवाय तिथे विमान वाकडंतिकडं थांबलं तरी बाकीच्यांचा रस्ता अडला म्हणून कोणी समुद्रात पडत नाही.

हा निर्णय इंधनावर होतो. किनाऱ्यापर्यंत पोचायला लागणारं इंधन अधिक थोडी राखीव, याला बिंगो म्हणतात. टाकीतला आकडा तिथवर उतरला की चर्चा संपते, विमान किनाऱ्याकडे वळतं. पण बिघाड झाला की हा आकडाच बदलतो, आणि नवशिके नेमके इथे फसतात. समजा चाकं खाली येऊन तिथेच अडकली, वर जात नाहीत. मग विमान चाकं लोंबकळत घेऊन जाणार, हवेचा अडथळा वाढणार, तेवढ्याच अंतराला कितीतरी जास्त इंधन जळणार. म्हणजे अशा विमानाला किनाऱ्यावर पाठवायचं असेल तर निर्णय आधीच घ्यावा लागतो. ‘अजून एकदा प्रयत्न करून बघू’ म्हणण्यात ती संधी निघून जाते. हवेत दुसऱ्या विमानातून इंधन देता येतं, मिग-२९केला तशी सोय आहे. पण ते विमान त्या वेळी हवेत असलं पाहिजे आणि बिघडलेल्या विमानाचा इंधन घेण्याचा दांडा बाहेर आला पाहिजे.

किनारा आवाक्यात नाही असं ठरलं की दुसरा प्रश्न: याला आधी घ्यायचं की शेवटी? सामान्य माणसाला वाटतं, बिघाड आहे तर त्यालाच आधी उतरवा. आग असेल, इंधन संपत आलं असेल, वैमानिक जखमी असेल तर तसंच करतात. पण चाकाचा किंवा हूकचा बिघाड असेल आणि विमान अजून काही वेळ उडू शकत असेल, तर त्याला मुद्दाम शेवटी ठेवतात. ते डेकवर आडवं पडलं तर पट्टा बंद होतो, आणि वर घिरट्या घालणाऱ्या बाकीच्या विमानांना उतरायला दुसरी जागा नसते. एका विमानाच्या बिघाडात चार विमानं जाऊ शकतात. नोव्हेंबर २०१६ मध्ये सीरियाच्या किनाऱ्याजवळ रशियाच्या ‘अ‍ॅडमिरल कुझनेत्सोव’ नौकेवर याच प्रकारचं घडलं. अरेस्टर वायरमध्ये बिघाड झाला, तो दुरुस्त होईपर्यंत एक मिग-२९ वरच थांबलं, त्याचं इंधन संपलं आणि ते समुद्रात गेलं. वैमानिक इजेक्ट होऊन, म्हणजे आसनासकट विमानाबाहेर फेकला जाऊन, वाचला. मूळ बिघाड जहाजावरच्या वायरमध्ये होता, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. पुढच्याच महिन्यात त्याच नौकेवर एका सुखोई-३३ला थांबवताना वायर तुटली आणि तेही गेलं.

आता उतरवायचंच म्हटल्यावर काय काय करतात ते सांगतो. विमान हलकं करतात: शस्त्रं आणि बाहेरच्या टाक्या समुद्रात सोडतात, जास्तीचं इंधन जाळून किंवा सोडून कमी करतात. अगदी तळाला नेत नाहीत, एकदोन बोल्टर झाले तर पुरेल इतकं ठेवतात. जहाज वाऱ्याच्या तोंडावर घेतात. हे एरवीही करतात, पण आणीबाणीत वेगाचा प्रत्येक नॉट (ताशी सुमारे १.८५ किलोमीटर) मोजून मागतात. का, ते आकड्यांनी दाखवतो.

विमान हवेत १३० नॉटने येतंय आणि डेकवरून २५ नॉटचा वारा वाहतोय, तर वायरला ते १०५ नॉटने धडकतं. फ्लॅप, म्हणजे कमी वेगातही विमान तोलून धरणाऱ्या पंखांच्या झडपा, अडकले म्हणून विमानाला १५ नॉट जास्त वेगाने यावं लागलं, तर धडक १२० नॉटची. वेग वाढला १४ टक्के, पण वायरने शोषायची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे सुमारे ३० टक्के. यंत्रणेची मर्यादा इथे ओलांडली जाऊ शकते. मग जहाजाचा वेग वाढवून वारा ३५ नॉट केला की धडक ११० वर येते आणि विमान घेता येतं. एक इंजिन बंद पडलं असेल तर याच्या जोडीला आणखी एक काळजी: वायर चुकली तर उरलेल्या एका इंजिनावर वर चढता आलं पाहिजे. म्हणून तिथे वजन कमी करण्यावर सगळ्यात जास्त भर.

वायर म्हणजे नुसती ताणलेली दोरी नसते. डेकखाली तिला आवरणारी यंत्रणा असते, तिला इंजिनच म्हणतात, आणि प्रत्येक विमानाच्या प्रकाराप्रमाणे, वजनाप्रमाणे ते आधी लावून ठेवावं लागतं. वजन खऱ्यापेक्षा कमी लावलं तर वायर जास्त सुटत जाते आणि विमान डेकच्या टोकापर्यंत पोचतं. जास्त लावलं तर झटका इतका बसतो की हूक किंवा विमानाचा सांगाडा तुटू शकतो. नेहमीच्या वेळी वजनं ठरलेली असतात. आणीबाणीत विमानाने काय टाकलं, किती इंधन उरलं, याचा हिशेब दर मिनिटाला बदलतो. म्हणून वैमानिकाने सांगितलेलं वजन नियंत्रण कक्ष, वायरवाले आणि एलएसओ असे सगळे पुन्हा मोठ्याने उच्चारून पडताळतात. एलएसओ म्हणजे डेकच्या मागच्या डाव्या कडेला उभा राहून विमान उतरवून घेणारा अधिकारी, तो स्वतः वैमानिकच असतो. पट्टा मोकळा नसेल, वजन जुळलं नसेल, विमान खाली घसरत असेल तर तो ते परत पाठवतो. त्या आज्ञेवर वाद नसतो.

वायर तुटणं हा डेकवरच्या माणसांसाठी सगळ्यात वाईट प्रकार. मार्च २०१६ मध्ये अमेरिकेच्या ‘आयझेनहॉवर’ नौकेवर एका ई-२सी हॉकआयला थांबवताना वायर तुटली. विमान डेकच्या टोकावरून खाली गेलं, पण वैमानिकांनी पाण्याच्या थोडंच वर ते सावरलं आणि किनाऱ्यावर नेऊन उतरवलं. तुटलेल्या वायरच्या फटक्याने डेकवरचे आठ जण जखमी झाले. म्हणूनच उतरण्याच्या वेळी पट्ट्याच्या कडेच्या रेषेच्या आत कोणी पाऊल टाकत नाही, आणि टाकलं तर लगेच डेक ‘फाउल’, म्हणजे पट्टा मोकळा नाही, असं जाहीर होऊन विमान परत पाठवलं जातं.

हूकच्या बिघाडाचे दोन प्रकार वेगळे ठेवा. हूक खाली आला पण वायर पकडत नाही, हा एक. हूक डेकवर आपटून उसळतो, त्याला खाली दाबून धरणारा दाब गेलेला असतो. किंवा वैमानिक शेवटच्या क्षणी नाक खाली दाबतो, त्याबरोबर शेपूट आणि हूक वर उचलले जातात आणि हूक वायरवरून निघून जातो. दुसऱ्या कारणावर इलाज सोपा, पुन्हा नीट या. हूक खालीच आला नाही, हा दुसरा प्रकार. दुसऱ्या विमानाने जवळून पाहून खात्री करायची आणि किनारा असेल तर सरळ तिकडे जायचं, कारण चाकं आणि ब्रेक शाबूत असतील तर लांब धावपट्टीवर हूक लागतच नाही.

किनाराही नाही आणि हूकही नाही, तेव्हा जाळी. ती खरीच असते. अमेरिकी नौकांवरची सांगतो. नायलॉनच्या जाड उभ्या पट्ट्या, वर आणि खाली आडवे पट्टे, डेकमधून उभे होणारे दोन खांब, उंची साधारण २० फूट. एरवी ती गुंडाळून ठेवलेली असते. आज्ञा झाली की डेकवरची माणसं ती ओढत आणून काही मिनिटांत उभी करतात, आणि याचा सराव वारंवार होतो. विमान नाकाने जाळीत घुसतं, पट्ट्या पंखांभोवती गुंडाळल्या जातात आणि डेकखालचं इंजिन त्या जाळीला वायरसारखंच आवरतं. जाळी एकदा वापरली की संपली.

फरक मोठा आहे तो वैमानिकासाठी. वायरवर उतरताना तो पूर्ण ताकद देतो, जाळीत मात्र एलएसओने ‘कट’ म्हटलं की इंजिन बंद करायचं. म्हणजे पुन्हा वर जाण्याची सोय उरत नाही. विमान जास्त वर आलं तर जाळीच्या वरच्या पट्ट्याला चाकं अडकून पुढे आदळेल, खाली आलं तर डेकच्या मागच्या कडेवर आपटेल. कडेवर आपटण्याचं उदाहरण ताजं आहे. जानेवारी २०२२ मध्ये ‘कार्ल विन्सन’वर एक एफ-३५सी असंच आपटलं, डेकवरून घसरत समुद्रात गेलं, सात जण जखमी झाले. ते साधं उतरणं होतं, जाळीचं नव्हतं. चाक मोडलेलं असेल तर जाळीआधी डेकवरच्या वायर काढून घेतात, कारण मोडलेल्या चाकाचा उघडा दांडा वायरला अडकला तर विमान जाळीपर्यंत पोचण्याआधीच आडवं फिरेल.

जाळीलाही विमान योग्य नसेल तर वैमानिकाला जहाजाच्या जवळ, पुरेशा उंचीवर, विमान सरळ धरून इजेक्ट व्हायला सांगतात. त्यासाठी उतरण्याच्या पूर्ण काळात एक हेलिकॉप्टर हवेत असतं, आपल्याकडे वर्षानुवर्षं हे काम चेतकने केलंय. विमान पुन्हा बांधता येतं, त्यामुळे हा निर्णय घेताना विमानाच्या किमतीचा विचार कोणी करू नये असं माझं ठाम मत आहे.

राहिला हूकच नसलेल्या विमानाचा प्रश्न. उतरलेलं आहे. २९ एप्रिल १९७५ रोजी, दक्षिण व्हिएतनामची राजधानी सायगाव पडत असताना, त्या देशाच्या हवाई दलाचे मेजर बुआंग-ली हे बायको आणि पाच मुलांना घेऊन एका छोट्या सेस्ना बर्ड डॉग विमानातून ‘मिडवे’ या अमेरिकी नौकेवर आले. रेडिओवर संपर्क होत नव्हता, म्हणून त्यांनी चिठ्ठी डेकवर टाकली. कॅप्टन लॉरेन्स चेंबर्स यांनी जागा करण्यासाठी हेलिकॉप्टरं समुद्रात ढकलायला लावली. वायर काढायला लावल्या, कारण हूक नसलेल्या हलक्या विमानाची चाकं त्यांना अडखळून ते उलटलं असतं. आणि जहाज २५ नॉटने वाऱ्याच्या तोंडावर घेतलं. वारा १५ नॉट होता, म्हणजे डेकवर ४० नॉट. असलं विमान ६० नॉटच्या आत उतरू शकतं, तेव्हा डेकच्या हिशेबाने त्याचा वेग उरला जास्तीत जास्त २० नॉट, ताशी ३७ किलोमीटर. एक उसळी मारून ते ब्रेकवर थांबलं.

हाच हिशेब मिग-२९केला लावा. १३० मधून ४० गेले तरी ९० नॉट उरतात, ताशी १६५ किलोमीटरच्या वर. नुसत्या ब्रेकवर एवढ्या वेगाचं, इतकं जड जेट विमान थांबायला तीनेकशे मीटर सहज लागतील, आणि पूर्ण ‘विक्रमादित्य’च २८४ मीटरची आहे.