फ्लेअर्ड किंवा वाइड लेग जीन्सची लांबी नेमकी किती ठेवावी?

आधी चप्पल ठरवा, मग लांबी. तुम्ही लिहिलंय की उंची 5 फूट 2 इंच आहे, एरवी पायात कोल्हापुरी असते, कधीतरी 2 इंचांच्या हील्स, आणि दोन्हींवर चालेल अशी एकच लांबी हवी आहे. तशी लांबी नसते. हील्सवर बरोबर बसणारी जीन्स कोल्हापुरीवर रस्ता झाडते, आणि कोल्हापुरीसाठी कापलेली हील्सवर तोकडी दिसते. अर्ध्या-पाऊण इंचाचा फरक खपून जातो, दोन इंचांचा नाही. आठवड्यातले जास्त दिवस पायात जे असतं त्यावर कापा. हील्ससाठी दुसरी जीन्स घ्या, नाहीतर त्या दिवशी दुसरं काहीतरी घाला.

मी डोंबिवलीत ऑल्टरेशनची कामं घेते, त्यामुळे हे सगळं खालून वर बघायची सवय आहे.

आकडा सांगायचा तर सपाट चप्पल घालून ताठ उभं राहिल्यावर मागचा काठ जमिनीपासून अर्धा ते पाऊण इंच वर हवा. समोर कापड पावलावर हलकं टेकेल आणि चपलेचं टोक दिसत राहील. जाहिरातीतल्या फोटोंत काठ जमिनीला लागलेला असतो, पण त्या मुलीला स्टेशनचा जिना चढायचा नसतो. शिवाय सरकत्या जिन्यावर लोळणारा घेर खरोखरच अडकू शकतो, तिथे हौस नको.

तुम्ही फ्लेअर्ड आणि वाइड लेग एकाच दमात विचारलंय, पण कापताना दोन्ही अगदी वेगळ्या वागतात. वाइड लेग मांडीपासून खालपर्यंत जवळपास सरळ उतरते. तळातून तीन इंच काढले तरी तिचा आकार तोच राहतो. त्यामुळे ती पूर्ण लांबीची ठेवा किंवा सरळ घोट्याच्या वर घ्या, दोन्ही चालतं. मधलं मात्र नको. घोट्याखाली येऊन जमिनीच्या दोन इंच वर संपणारी वाइड लेग धुऊन आटल्यासारखी दिसते.

फ्लेअर्डचं सगळं गणित गुडघ्यावर असतं. समजा गुडघ्याशी घेर 16 इंच आहे, तळाशी 22 आणि मधलं अंतर 15. खालून 3 इंच कापले की तळाचा घेर 21 च्याही खाली येतो. तेवढं एक वेळ चालेल. खरी अडचण अशी की जीन्स उंच बाईच्या मापाने बेतलेली असेल, तर तिचा सगळ्यात अरुंद भाग तुमच्या गुडघ्याच्या खाली, पोटरीवर येतो. घेर तिथून सुटायला लागतो आणि पाय आहे त्याहून आखूड दिसतो. खालून कितीही कापलं तरी हे सुधारत नाही. दोन्ही बाजूंच्या शिवणी उसवून गुडघा वर घ्यावा लागतो, आणि जीन्सची एक शिवण दुहेरी टिपेची असल्याने ते काम वेळखाऊ आणि महाग पडतं. त्यापेक्षा घेतानाच लेबल बघा. 28/32 लिहिलं असेल तर पहिला आकडा कमरेचा आणि दुसरा आतल्या शिवणीचा, म्हणजे जांघेपासून काठापर्यंतचा. तुमच्या उंचीला सपाट चपलेवर तो 28 च्या आसपास लागेल, इंचभर इकडे-तिकडे. 32 ची फ्लेअर्ड घेऊन चार इंच कापण्यात अर्थ नाही. वाइड लेग असेल तर खुशाल घ्या.

कापण्याआधी एकदा तरी धुवा, नेहमी धुता तशीच. हल्लीच्या बहुतेक जीन्सचं कापड आधीच आटवलेलं असतं, तरी 3 टक्क्यांपर्यंत आटू शकतं. 28 इंचांवर 3 टक्के म्हणजे पाऊण इंचाहून जास्त, आणि तुमची सगळी सूट तेवढीच आहे.

माप घेताना ती चप्पल घाला, जीन्स जिथे नेसता त्याच जागी चढवा आणि थोडा वेळ घरात वावरा. स्ट्रेच कापड कमरेवरून किंचित खाली सरकतं, तेवढं सरकू द्या. मग समोर बघत उभं राहा आणि टाचणी दुसऱ्या कुणाला तरी लावू द्या. स्वतः वाकून लावलीत तर माप हमखास चुकतं. दोन्ही पायांना वेगवेगळं लावा, कंबर एका बाजूला किंचित वर असणं फार सर्रास आहे. त्या खुणेखाली एक इंच ठेवून कापायचं, अर्धा-अर्धा इंच दोनदा दुमडण्यासाठी. टेलरला मूळ काठ जपायला सांगता येतं, मग तो विटका, दोरीसारखा पीळ असलेला काठ तसाच राहतो. पण फ्लेअर्डमध्ये मूळ काठाचा घेर कापलेल्या जागेपेक्षा मोठा भरतो, तो शिवणीत नीट सामावून घेणारा माणूस हवा. शंका असेल तर अर्धा इंच जास्तच ठेवा. नंतर कमी करता येतं. दुमड उलगडून वाढवायला गेलं तर जुन्या घडीची पांढरी रेघ जात नाही.

मागचा काठ टाचेखाली घासून फाटतो त्यावर जुना उपाय आहे. सत्तरच्या दशकात बेलबॉटमच्या तळाला आतून पितळी चेन शिवून घेत, तिचं वजनही पडे आणि कापड झिजतही नसे. आता चेनची गरज नाही. साडीच्या फॉलसारखी सुती पट्टी आतून, फक्त मागच्या अर्ध्या भागाला लावली तरी पुरते. हे कुणी आपणहून करून देत नाही, मागावं लागतं.

पावसाळ्यासाठी माझं मत स्पष्ट आहे: पूर्ण लांबीची डेनिम जून ते सप्टेंबर कपाटात. सुती कापड पाणी वर ओढतं, काठ भिजला की तासाभरात पोटरीपर्यंत ओल चढते आणि जाड कापड दिवसभर वाळत नाही. त्या चार महिन्यांसाठी घोट्याच्या वरची एक वाइड लेग ठेवा. एखादी जुनी असेल तर खालचा काठ न दुमडता कापूनच टाका. फक्त कापलेल्या कडेच्या अर्धा इंच वर एक साधी टीप मारून घ्या, धागे तिथपर्यंतच सुटतात, पुढे जात नाहीत.